सरडे वाढले म्हणून पठार सुधारले का?

सातारा-सांगलीत पवनचक्क्यांचा विषय निघाला की दोन तट पडतात आणि दोन्ही तट आभाळाकडे बघून भांडतात. एका बाजूला म्हणतात, पाती ढग पळवतात, म्हणून जत-कवठेमहांकाळला पाऊस नाही. दुसऱ्या बाजूला म्हणतात, धूर नाही, राख नाही, कोळसा नाही, मग अडचण काय? अलीकडे या दुसऱ्या बाजूच्या हाती नवा मुद्दा आला आहे: साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली सरडे वाढले, आणि हे शास्त्रज्ञांनीच मोजले आहे. यावर पहिल्या बाजूचे लोक उत्तर देतात की पवनचक्क्यांनी पठारावरचे जीवजंतू संपवले. दोघांचेही म्हणणे चुकते, कारण सरपटणारे प्राणी आणि उभयचर यांचा हिशेब पात्यांच्या उंचीवर होत नाही. तो जमिनीवर पडलेल्या सुट्या दगडांत, वीतभर खोलीच्या डबक्यांत आणि मुरुमाच्या रस्त्यांत होतो. माझे म्हणणे सरळ आहे. पवनऊर्जा हवी, पण सह्याद्रीच्या कातळ-पठारांवर ती आजवर ज्या पद्धतीने उभी राहिली ती पद्धत चुकीची होती. जुनी यंत्रे काढून नवी बसवण्याची वेळ आता आली आहे. पद्धत बदलायची तर ती याच वेळी बदलता येईल.

ढगांचा मुद्दा एकदाचा बाजूला ठेवू. १९७२ च्या दुष्काळात या भागात एकही पवनचक्की नव्हती. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि जतला पाचशेच्या आसपास, हा फरक सह्याद्रीच्या भिंतीने पाडलेला आहे आणि तो पहिल्या खांबाच्या कित्येक युगे आधीचा आहे. पण दुष्काळाने गांजलेल्या माणसाला समोर फिरणारे यंत्र दिसते, पर्जन्यछाया दिसत नाही. त्याचा राग समजण्यासारखा आहे. त्या रागाला खोटे कारण चिकटवल्याचा तोटा मात्र असा झाला, की पवनचक्कीबद्दल कोणीही कसलीही शंका काढली की तिला ढग पळवण्याच्या खात्यात टाकून हसण्यावारी नेता येऊ लागले.

आता सरड्यांकडे येऊ. चाळकेवाडीच्या पठारावरचा अभ्यास २०१८ साली ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात आला. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले हे त्याचे लेखक. तिथली यंत्रे तेव्हा सोळा ते वीस वर्षे फिरत होती. यंत्रे असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना केल्यावर दिसले, की यंत्रांच्या भागात शिकारी पक्ष्यांचा वावर आणि त्यांचे हल्ले जवळपास चौपट कमी होते. कापशी घार, पांढऱ्या डोळ्यांचा तिसा असे पक्षी पात्यांच्या पट्ट्यात कमी फिरकत होते. त्यांच्या भक्ष्यांपैकी एक म्हणजे गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा असलेला ‘सारडा सुपर्बा’ हा सरडा. याच पठारावरून २०१६ मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली होती. मारणारे कमी झाले, त्यामुळे यंत्रांखाली त्याची संख्या वाढली. ‘सरडे वाढले’ म्हणणारे वाचन इथेच थांबवतात. पुढची पाने अशी आहेत: तिथले सरडे अंगाने रोड होते. ताण दिल्यावर रक्तात वाढणारे कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक त्यांच्यात कमी वाढत होते. माणूस कित्येक पट जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. आणि नरांच्या गळ्याच्या पंख्याचा रंग फिका होता.

याला वाढ म्हणायचे की दाटी? एका पठारावर किडे-मुंग्या तितक्याच आणि खाणारी तोंडे जास्त झाली, तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. रंग ही नराची चैन नव्हे. एप्रिल-मेच्या उन्हात दगडावर चढून तो पंखा उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो, आणि त्या रंगावरून मादी निवड करते, दुसरा नर अंतर ठेवतो. तो रंग फिका पडण्यामागे खाण्याची टंचाई असेल किंवा शत्रूच नसल्याने बदललेला व्यवहार असेल, कसेही असले तरी पठाराची घडी बदललेली आहे. आणि घाबरणे विसरलेला सरडा हा सुखी सरडा असतो, हे कोणी ठरवले? उद्या शिकारी पक्षी परतले, किंवा त्यांच्याऐवजी गावातली कुत्री-मांजरे पठारावर चढली, तर सगळ्यात आधी बळी जाईल तो हाच.

अन्नसाखळीतली एक कडी निसटल्यावर खालची संख्या वाढते आणि ती वाढ काही काळ चांगली दिसते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मेली. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून जास्त घटली. गुरांसाठीच्या या औषधावर बंदी २००६ मध्ये आली. मधल्या काळात गावाबाहेर टाकलेल्या मढ्यांवर कुत्री पोसली गेली. तेव्हा ‘कुत्री वाढली’ ही प्राणिसृष्टीची भरभराट आहे असे कोणी म्हटले नाही. बेडकांचेही तसेच. परदेशी हॉटेलांसाठी बेडकांच्या तंगड्या पाठवण्याचा धंदा आपल्याकडे जोरात होता, शेतातले किडे खाणारा प्राणी पकडून परकीय चलन मिळवणे हा तेव्हा शहाणपणाचा व्यवहार वाटत होता, आणि १९८७ मध्ये सरकारला ती निर्यात बंद करावी लागली. दोन्ही वेळा नुकसान कळायला उशीर झाला, कारण मोजणारे एकच आकडा मोजत होते.

इथे विरोधी बाजूचे जे खरोखर भक्कम आहे ते मान्य केले पाहिजे. पहिली गोष्ट, चाळकेवाडीची तुलना दोन जागांमधली आहे, आधी आणि नंतरची नाही. यंत्रे उभी राहण्यापूर्वी तिथे कोणी सरडे मोजून ठेवले नव्हते. दुसरी गोष्ट, सरपटणाऱ्या प्राण्यांना पवनऊर्जेच्या आवारात नेहमी नुकसानच होते असे नाही. कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जजवळच्या पवनऊर्जा प्रकल्पात वाळवंटी कासवांवर वर्षानुवर्षे काम झाले. तिथली कासवे शेजारच्या मोकळ्या रानातल्या कासवांपेक्षा वाईट जगत नव्हती, उलट त्यांचे जगण्याचे प्रमाण बरे निघाले. फाटक बंद, बाहेरच्या गाड्या कमी, माणसांचा वावर कमी, याचा त्यांना फायदा झाला असावा. तिसरी आणि सगळ्यात वजनदार गोष्ट म्हणजे हवामानबदल. जगातल्या उभयचरांचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो, की सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत आणि २००४ नंतर ज्या जातींची अवस्था बिघडली त्यांच्या बाबतीत हवामानबदल हे सर्वांत मोठे कारण आहे. म्हणजे बेडूक वाचवायचा तर कोळसा कमी झालाच पाहिजे. देशाची पवनऊर्जेची स्थापित क्षमता २०२५ मध्ये ५० हजार मेगावॉटच्या पुढे गेली, ही बेडकांच्या दृष्टीनेही चांगलीच बातमी आहे.

पण या तिन्ही मुद्द्यांवरून ‘म्हणून आहे तसेच चालू द्या’ हा निष्कर्ष निघतो का? आधीची मोजणी नव्हती, हा युक्तिवाद मोजणी न करणाऱ्यांच्या तोंडी शोभत नाही. तो खरा असेल तर नवी यंत्रे उभारण्यापूर्वी मोजणी करा, एवढेच त्यातून निघते. कासवे जगली ती बहुधा बंद फाटकामुळे. आपल्याकडे काय झाले? ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीपर्यंत, सडावाघापूरला, वनकुसवड्याच्या पठारावर यंत्रांसाठी केलेले रस्ते गावकऱ्यांच्या सोयीचे झाले, ते चांगलेच झाले. पण पहिल्या पावसात त्याच रस्त्यांवर शनिवार-रविवारच्या गाड्यांची रांग लागते आणि रात्री ओल्या डांबरावर बसलेले बेडूक चाकाखाली जातात. आणि हवामानबदलाचा मुद्दा तर उलटा फिरतो. पाऊस लहरी झाल्याने ज्या प्राण्याचे डबके आधीच आठ दिवस अगोदर आटू लागले आहे, त्याच्या डबक्याचे पाणी रस्त्याच्या भरावाने आणखी वळवायचे आणि वर सांगायचे की हे तुझ्याच भल्यासाठी?

पठार म्हणजे काय हे जवळून पाहिल्याशिवाय हा वाद पुढे सरकत नाही. हजार-बाराशे मीटर उंचीवर बेसाल्टच्या माथ्यावर जांभ्याचा थर, त्यावर कुठे बोटभर माती, कुठे तीही नाही. अशा कातळावर एक-दोन वीत रुंदीचा चपटा दगड नुसता टेकलेला असतो. त्याच्या आणि कातळाच्या मध्ये बोटभर फट असते. एप्रिलच्या दुपारी वरच्या बाजूला हात टेकवत नाही आणि खालची बाजू मात्र गार, किंचित दमट असते. त्या फटीत काय काय राहते? दिवसभर लपून रात्री बाहेर पडणारी जमिनीवरची पाल, फुरसे, विंचू, गोम, उन्हाळा काढणारा बेडूक आणि ओल असेल तिथे देवगांडूळ, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बिनपायाचा उभयचर. २००८ मध्ये ‘हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस’ या पालीची नोंद झाली ती चाळकेवाडीवरूनच. ती जमिनीवर, दगडांच्या आसऱ्याने राहते. भिंतीवर चढून आपल्या घरात येणारी ही पाल नव्हे. तिला दगड लागतो आणि तो सुटा लागतो.

आणि रस्ता करणाऱ्या ठेकेदाराला सगळ्यात आधी काय लागते? तोच दगड. सोलिंगला (रस्त्याच्या तळाच्या दगडी थराला), भरावाला, गटाराच्या कडेला रचायला फुकटात पडलेला दगड मिळतो, मग खाणीतून आणून वाहतूक कोण देईल? शंभर मीटर रस्त्यासाठी दोन्ही बाजूंचा मोठा पट्टा झाडून साफ होतो. त्यावर कोणी तक्रार करत नाही, कारण सातबाऱ्यावर ती जमीन पोटखराबा असते आणि सरकारी नकाशात पडीक. पीक येत नाही ती जमीन रिकामी, असा आपला महसुली संस्कार आहे. यंत्राने प्रत्यक्ष व्यापलेली जागा एकूण क्षेत्राच्या दोन-चार टक्केच असते, हे कंपन्यांचे गणित कागदावर बरोबर आहे. पण पाल टक्क्यांत राहत नाही, दगडाखाली राहते. टक्केवारीत दगडाचा रकानाच नाही.

उभयचरांचा प्रश्न आणखी नाजूक आहे आणि त्याबद्दल बोलणारे आणखी कमी. कोयना परिसरातून १९६३ मध्ये नोंदलेला ‘झँथोफ्रिन कोयनायेन्सिस’ हा भेक (खरखरीत कातडीचा बेडूक) जगात फक्त याच पट्ट्यात, कोयना-चांदोलीच्या आसपास आढळतो. ‘इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस’ हे देवगांडूळ २००४ मध्ये उत्तर सह्याद्रीतून नोंदले गेले. पठारावरचे बेडूक जूनमध्ये जमिनीतून, फटींतून बाहेर येतात. कातळावरच्या उथळ खळग्यांत दहा-पंधरा सेंटीमीटर पाणी साचते, त्यात माशांचा त्रास नसतो, पाणी उन्हाने लवकर कोमट होते, शेवाळ येते. बेडूकमाशांना पाय फुटून बाहेर पडायला काही आठवडे लागतात. पाणी एक आठवडा आधी आटले तर त्या डबक्यातली सगळी पिढी गेली. थोडीफार वाचली असे तिथे होत नाही.

आता या डबक्याला रस्ता काय करतो ते बघा. पठारावर पाणी ओढ्यातून वाहत नाही, ते पातळ चादरीसारखे सगळ्या कातळावरून सरकते. त्याला आडवा एक-दीड फूट उंच मुरुमाचा भराव घातला की तो बांध होतो. वरच्या अंगाला पाणी तुंबते, गाळ बसतो, तिथे दलदल माजते. खालच्या अंगाची डबकी उपाशी राहतात. ठेकेदार मोरी टाकतो, पण कुठे? त्याला सोयीच्या ठिकाणी, दोन-तीनशे मीटरला एक ह्यूम पाईप. मग सगळे पाणी त्या एका तोंडातून जोराने पडते, खालची माती खरवडते आणि बाकी पट्टा कोरडा. यावर उपाय साधा आहे: मोऱ्यांची जागा नकाशावर न ठरवता पावसाळ्यात प्रत्यक्ष पाणी कुठून सरकते ते बघून खुणा करणे, एका मोठ्या पाईपऐवजी जवळजवळ अनेक लहान मोऱ्या देणे, आणि जिथे सपाट कातळ आहे तिथे भराव न करता रस्त्याची पातळी कातळाइतकीच ठेवून पाणी वरून जाऊ देणे. महिन्यात चार वेळा देखभालीची जीप जाणाऱ्या रस्त्याला वर्षातले काही दिवस टाचभर पाणी ओलांडावे लागले तर काही बिघडत नाही.

मुरूम बाहेरून आणला की त्याच्याबरोबर गाजर गवत आणि रानमोडीचे बी येते आणि पहिल्या दोन पावसांत त्यातली बारीक माती धुपून डबक्यांच्या तळाशी बसते. सिमेंटचा धोका त्याहून वाईट. दोन मेगावॉटच्या एका यंत्राच्या पायाला साधारण साडेतीनशे घनमीटर काँक्रीट लागते, म्हणजे सहा घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरच्या साठेक फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर ड्रम धुतला जातो आणि ते धुवण कातळावर सोडले जाते. त्या पाण्याचा सामू (पीएच) बाराच्या वर असतो, म्हणजे ते अतिशय क्षारीय असते. बेडकाची त्वचा श्वासही घेते आणि पाणीही पिते, त्याला या पाण्यापासून आडोसा नाही. काँक्रीटला पाणी मारण्यासाठी केलेले हौद आणि अर्धवट खड्डे अवकाळी पावसात भरतात, बेडूक फसून तिथेच अंडी घालतात. ड्रम धुण्यासाठी जाड प्लॅस्टिक अंथरलेला एक ठरलेला खड्डा आणि ते वाळलेले सिमेंट पठाराखाली नेऊन टाकण्याची अट, एवढ्याने हे टळते. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचेही तेच. शेकडो लिटर तेल बदलताना खाली ताट ठेवायचे की नाही, हा प्रश्न खर्चाचा नाही, कोणी बघते आहे का याचा आहे.

केबलच्या चरांकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. ३३ केव्हीची केबल जमिनीखालून न्यायची तर मीटरभर खोल, उभ्या कडांचा चर मैलोगणती खणला जातो. (केबल जमिनीखालून नेण्याचा आग्रह पक्ष्यांच्या बाजूने धरला जातो आणि तो बरोबरही आहे, कारण उघड्या तारांवर मोठे पक्षी मरतात. पण पक्ष्यांचे भले करताना सापांसाठी सापळा खणला जातो.) उभ्या कडेवरून सरडा, साप, भेक आत पडतो आणि वर चढू शकत नाही. उन्हात काही तासांत मरतो, नाहीतर सकाळी जेसीबी त्याच्यावर माती ढकलतो. एका वेळी शे-दोनशे मीटरपेक्षा जास्त चर उघडा ठेवू नये, दर पन्नास मीटरला मातीचा उतार किंवा खडबडीत फळी ठेवावी, आणि बुजवण्यापूर्वी सकाळी एका माणसाने काठी घेऊन चर चालून यावे. एका मजुराची रोजची दीड तासाची मजुरी, इतकाच याचा खर्च.

या सगळ्यात वेळापत्रकाची गंमत कोणाच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात पठारावर क्रेन चढत नाही, म्हणून बांधकाम नोव्हेंबर ते मे चालते. म्हणजे सरड्यांचा विणीचा हंगाम ऐन बांधकामात येतो. बेडूक आणि देवगांडुळे त्या काळात दगडाखाली, फटींत, मातीत निपचित असतात. जानेवारीत पाहणीला आलेल्या माणसाला एकही बेडूक दिसत नाही आणि अहवालात ‘उभयचर आढळले नाहीत’ असे वाक्य येते. ते वाक्य खोटे नसते, पण निरुपयोगी असते. उलट आपल्याकडे वारा सगळ्यात जोराचा जून ते सप्टेंबर, म्हणून यंत्रे सर्वांत जास्त फिरतात तीही त्याच महिन्यांत, जेव्हा नर बेडूक रात्रभर ओरडून मादीला बोलावत असतो. दक्षिण कोरियात जपानी वृक्षबेडकांवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पवनचक्कीच्या आवाजात नर जास्त वेगाने ओरडू लागले, त्यांचे ताणाचे संप्रेरक वाढले आणि रोगप्रतिकारशक्ती उतरली. चाळकेवाडीच्या सरड्यांत ताणाचे संप्रेरक कमी, कोरियातल्या बेडकांत जास्त. मग ‘पवनचक्कीचा सरपटणाऱ्या प्राण्यांवर आणि उभयचरांवर परिणाम काय’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर मागणाऱ्याला काय सांगणार? दिवसा दगडावर बसणारा सरडा, रात्री दगडाखालून निघणारी पाल, आवाजावर संसार चालणारा बेडूक आणि आयुष्यभर अंधारात राहणारे देवगांडूळ यांना एका गोणीत भरून सरासरी काढता येत नाही.

तसेच जिल्ह्या-जिल्ह्यांचेही. जत, कवठेमहांकाळ, ढालगाव, खानापूरच्या बाजूला यंत्रे बऱ्याच ठिकाणी शेतांच्या कडेला, नांगरलेल्या जमिनीत आहेत. तिथे कातळावरची डबकी नाहीत, जमीन आधीच बदललेली आहे आणि रस्ते आधीपासून आहेत. तिथल्या माळांवरही पंखेवाले सरडे, घोणस, फुरसे आहेत आणि माळ म्हणजे उकिरडा नव्हे, हे तिथेही सांगावे लागते. पण निवड करायचीच असेल तर एक मेगावॉट ढालगावच्या शेताच्या बांधावर उभा करणे हे वनकुसवड्याच्या कातळावर उभा करण्यापेक्षा शंभर पटीने सोपे दुखणे आहे. पाटणच्या पठाराला आणि जतच्या माळाला एकच नियमावली लावणे हा आळस आहे.

मुळात नियमावली आहे कुठे? २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्प येतच नाहीत. वनजमीन लागली तर वन खात्याची परवानगी, नाहीतर पर्यावरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय काम सुरू. पश्चिम घाटासाठी केंद्राने नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये हे प्रकल्प त्या अधिसूचनेखाली आणावेत असे सुचवले होते. पश्चिम घाटाच्या अहवालांवरून आपल्याकडे इतका धुरळा उडाला, की त्यातल्या असल्या बिनवादाच्या, साध्या शिफारशीही त्याखाली गाडल्या गेल्या. यावर उद्योगाचे म्हणणे असे की परवानग्यांची आणखी एक खिडकी उघडली की कामे वर्षानुवर्षे अडकतात आणि शेवटी कोळसाच जिंकतो. ही भीती पोकळ नाही. आपल्या देशात परवानगी म्हणजे पुष्कळदा कागद जाड करण्याचा उद्योग असतो. म्हणून मी खिडकीपेक्षा ठेक्याच्या कराराला महत्त्व देतो. दगड, मोरी, चर, धुवण या गोष्टी मंत्रालयात ठरत नाहीत, त्या मुकादम ठरवतो. बिलात रक्कम असेल तर मुकादम करतो, नसेल तर करत नाही.

हीच वेळ का, तर चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पहिल्या पिढीच्या यंत्रांचे वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य सरले आहे किंवा सरत आले आहे. केंद्राचे जुनी यंत्रे बदलण्याचे सुधारित धोरण डिसेंबर २०२३ मध्ये आले. ३५० किलोवॉटची सहा जुनी यंत्रे काढली तर त्यांच्या जागी दोन मेगावॉटच्या वरचे एकच यंत्र पुरते. पठारासाठी ही मोठी संधी आहे: खांब कमी, रस्ते कमी, देखभालीच्या फेऱ्या कमी. नव्या यंत्राचे पाते जमिनीपासून बरेच वर फिरते, त्यामुळे खालच्या थरात घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांना जागा मिळून ते परतण्याची शक्यताही आहे. ते परतले तर सरड्यांची दाटीही ओसरेल. पण तीच संधी सहज वाया जाते. पन्नास-साठ मीटर लांबीचे पाते वळणावर न्यायला रस्ता रुंद करावा लागतो, मोठ्या क्रेनला सपाट ओटा लागतो, पायाचा व्यास पंधरा-वीस मीटर होतो. नवी जागा नव्याने फोडली आणि जुने रस्ते, ओटे तसेच सोडले, तर पठारावर दोन पिढ्यांचे ओझे एकावर एक बसेल.

म्हणून करारात काय हवे ते नेमके मागितले पाहिजे. नवा खांब जुन्या ओट्यावर किंवा त्याला लागून, कोऱ्या कातळावर नाही. जुना पाया सुरुंग लावून फोडायचा नाही, वरचे लोखंड कापून तसाच ठेवायचा, कारण तो फोडण्याने कातळाला जेवढी भेग जाईल तेवढा त्याचा उपद्रव नाही. जे रस्ते लागणार नाहीत त्यांचा मुरूम कातळ लागेपर्यंत खरवडून खाली न्यायचा. कामाच्या पट्ट्यातले सुटे दगड सोलिंगला वापरायचे नाहीत. ते आधी हाताने, पहारीने उचलून बाजूच्या मोकळ्या कातळावर नेऊन ठेवायचे: खालची बाजू खालीच, एकेकटे, ढीग न करता, कारण ढिगात मधल्या दगडांना ऊन लागत नाही आणि तिथे पालीऐवजी उंदीर राहायला येतात. दगड उचलताना पलीकडची कड वर करून तो आपल्याकडे झुकवायचा, म्हणजे खाली फुरसे असले तर दगड आपल्या आणि त्याच्या मध्ये राहतो. मजुरांना हे एकदा करून दाखवावे लागते, नाहीतर पहिल्या सर्पदंशानंतर काम जेसीबीकडे जाते आणि ते मजुराच्या बाजूने बरोबरच असते. रात्री आवारात फक्त लागतील तेवढेच दिवे, तेही झाकलेले, कारण दिव्याला किडे, किड्यांना बेडूक आणि बेडकांना साप, अशी रांग थेट ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणात लागते. जून-जुलैच्या रात्री रस्त्याला फाटक, वेग वीस किलोमीटर.

या सगळ्याचा खर्च किती? एका मेगावॉटमागे काही कोटी रुपये लागतात. त्यात पहार, फळी, प्लॅस्टिकचा खड्डा, चार जास्तीच्या मोऱ्या आणि एका जाणकार माणसाचा दोन हंगामांचा पगार हिशेबाच्या वहीत शोधावा लागेल. ‘पर्यावरणवाद्यांमुळे वीज महाग होते’ हे वाक्य इथे तरी लागू पडत नाही.

गावाच्या बाजूने एक आक्षेप उरतो आणि तो टाळण्यासारखा नाही. जमीन आमची गेली, भाव पडेल दराने मिळाला, करासाठी ग्रामपंचायतीला भांडावे लागले, आणि आता तुम्ही सरड्यांसाठी अटी घालणार? हा राग रास्त आहे. पण बघा, खालच्या वाड्यांचे झरे ज्या पाण्यावर चालतात ते पाणी याच कातळावरून सरकते. बेडकाच्या डबक्यासाठी मागितलेली मोरी आणि झऱ्यासाठी मागितलेली मोरी एकच आहे. शिवाय मागणी करण्याचे हत्यार गावाकडेच आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती वही एकदा भरून कपाटात गेली आहे. पठारावरची डबकी, त्यांत पाणी किती दिवस टिकते, कोणत्या पट्ट्यात सुटे दगड शिल्लक आहेत, हे त्या वहीत नकाशासह लिहिले गेले तर कंपनीच्या सल्लागाराचा जानेवारीतला अहवाल तिच्यापुढे टिकणार नाही.

त्यासाठी मोजणीचे दोन हंगाम लागतील. एप्रिल-मेमध्ये सकाळी ठरलेल्या पट्ट्यात चालून सरडे, आणि त्याच पट्ट्यात शिकारी पक्ष्यांच्या फेऱ्या. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला डबक्यांतले पाणी पट्टीने, आणि रात्री ऐकून बेडूक. यंत्रांखाली एक पट्टा, यंत्रांपासून दूर दुसरा, आणि ज्या जागी नवे यंत्र येणार तिथे तिसरा. क्रेन चढण्याआधी ही वही भरलेली असली पाहिजे आणि ग्रामसभेत ना-हरकतीचा ठराव येईल तेव्हा ती टेबलावर उघडी असली पाहिजे.